मिठावरचा ठसा

मी एक जुना मिठाचा सट आहे. सट म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. रुंद तोंडाचं, जाड बुडाचं, आतून लाखेचा हात दिलेलं मातीचं भांडं म्हणजे सट. मिठाला पाणी सुटतं आणि ते साध्या मडक्याला खाऊन टाकतं, म्हणून आम्हाला लाख लागते. मित्रांनो, आता माझा काठ एका बाजूला उडाला आहे आणि अंगावर पांढरी खपली धरली आहे. स्वभाव मात्र पहिल्यापासूनच चांगला नव्हता. मी मत्सरी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी कुणाला नावं ठेवली तर तुम्हाला नवल वाटणार नाही.

माझा जन्म बीडजवळच्या पाली गावचा. बिंदुसरा नदीच्या काठची चिकण माती तुडवून बद्रीनाथ कुंभारानं मला घडवलं. तेव्हा आमच्या बीडवर निजाम सरकारचं राज्य होतं. भट्टीतून निघाल्यावर बद्रीनाथनं मला बोटानं वाजवून पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "ह्यो लई दिस टिकल बघ." गवतात गुंडाळून, इतर मडक्यांबरोबर मी गाडीत बसलो. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी इतकी हादरली की माझ्या शेजारची दोन मडकी फुटली. मला साधा तडाही गेला नाही, आणि तिथेच मला पहिल्यांदा गर्व झाला.

चौसाळ्याच्या बाजारात मला केशरबाईंनी उचललं. जवळच्याच गावच्या पाटलांची, सुंदररावांची ही बायको. सासूनं नुकतीच चूल तिच्या हाती दिली होती आणि आपल्या हातानं घेतलेलं तिचं पहिलं भांडं मी. तिनं मला चुलीच्या उजव्या अंगाला, हात लांबवला की सापडेन असं ठेवलं. ती जागा म्हणजे स्वयंपाकघरातली पाटीलकीच. तिखटाचा डबा माझ्यामागे, हळदीची पुडी त्याच्यामागे, आणि चिंचेचं बोळकं तर पार कोपऱ्यात.

आरंभी माझ्यातलं मीठ लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवरून आणत. पुढे बार्शीला आगगाडी आली आणि तिथून मिठाच्या गाड्या येऊ लागल्या. मीठ कुठूनही येवो, येऊन पडायचं ते माझ्याच पोटात. आमच्या घरी मीठ हातावर देत नसत, त्यानं भांडण होतं म्हणत. म्हणून पाटील जेवायला बसले की केशरबाई मला उचलून त्यांच्या ताटाशी आणून ठेवायच्या. ताटात सगळ्यांत आधी मीठ वाढलं जायचं. पाटलांची एक खोड होती. ते कालवण चाखण्याआधीच वरून मीठ घालायचे, आणि मग पहिला घास घेऊन म्हणायचे, "आता कशी चव आली!" स्वयंपाक केशरबाईंचा आणि शाबासकी मला. मला यात काहीच वावगं दिसत नव्हतं.

अशी तीस वर्षं गेली. पाटलांचे केस पिकले. वयानुसार जिभेची चव मंदावते, हे मला तेव्हा कुठलं कळायला? पाटलांची चिमूट मोठी होत गेली, चिमटीच्या जागी पाची बोटं आली, आणि मला वाटलं, यांचं माझ्यावरचं प्रेमच वाढतंय.

मग ती आली. पाटलांचा मुलगा मोहनराव सोलापूरला गेला होता, तिथून त्यानं आईसाठी चिनी मातीची बरणी आणली. अंग पांढरंशुभ्र, डोकं पिवळं, आणि तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधलेला. येणारी जाणारी बाई तिच्यावर हात फिरवून बघायची. माझ्यावर तीस वर्षांत कुणी हात फिरवला नव्हता! त्या साली ज्येष्ठात कैरीचं लोणचं घातलं तेव्हा केशरबाईंनी ओंजळी भरभरून माझं मीठ तिच्यात ओतलं. मी निम्मा रिकामा झालो. तिसऱ्या दिवशी पाटील फोड चाखून म्हणाले, "वा! बरणीतलं लोणचं न्यारंच हाय." मित्रांनो, मीठ माझं होतं. कौतुक तिचं झालं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पण त्याच दिवसांत घरावर दुसरंच संकट आलं. पाटलांचे पाय सुजले. वहाणा पायात जाईनात, ओट्यावरून वेशीपर्यंत चालायचं म्हटलं तरी दोनदा थांबून दम घ्यावा लागायचा. त्यांचा चुलत भाऊ तात्याबा समाचाराला आला. तो पाटलांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, अंगानं धट्टाकट्टा. पाय बघून तो म्हणाला, "दादा, यंदा पोळ्याला मानाचा बैल मी नेतो. तुमी ओट्यावर बसून बघा."

पोळ्याला गावचा पहिला बैल पाटलांनी वेशीतून न्यायचा, हा त्यांच्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मान. पाटलांचा चेहरा असा झाला की मला तो लगेच ओळखू आला. बरणीकडे बघताना माझा होत असेल, अगदी तसाच.

"मी मेलो न्हाई अजून, तात्या," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मोहनरावनं त्यांना गाडीत घालून बीडच्या हकिमाकडे नेलं.

तिथे काय झालं ते मोहनरावनं परत आल्यावर चुलीपाशी बसून आईला सांगितलं. हकिमानं पाटलांच्या नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडला आणि तो कितीतरी वेळ तसाच राहिला. हकीम म्हणाला, "पाटील साब, इस उमर में बदन नमक सँभालता नै. नमक कम करो. नै तो पोळा भूल जाओ, और आगे का तो मैं बोलताच नै." मग त्यानं विचारलं, घरात रांधतं कोण? मोहनरावनं हल्ली कालवण रांधणाऱ्या आपल्या बायकोचं, शिवकन्येचं नाव सांगितलं. तेव्हा पथ्य तिलाच समजावून सांगा, असा हकिमानं निरोप दिला.

हे ऐकताना केशरबाईंनी भाकरीचं पीठ मळता मळता हात थांबवला. "तीस सालं मी रांधून घातलं," त्या म्हणाल्या, "अन्‌ निरोप सुनंला." ती भाकरी थापताना मात्र तिला जरा जास्तच मार बसला.

दुसऱ्या दिवशी माझी पाटीलकी गेली. शिवकन्येनं मला उचलून उंच फळीवर ठेवलं आणि माझ्या जागी चिंचेचं बोळकं आणून ठेवलं. काल-परवापर्यंत कोपऱ्यात धूळ खाणारं ते बोळकं! वरून मला सगळं दिसायचं. पाटलांचं कालवण ती वेगळ्या तवलीत करायची. मीठ नाही म्हणून चिंचेचा कोळ जरा पुढे, लसूण दुप्पट, भाजलेल्या कारळाचं कूट, वर लिंबू पिळलेलं आणि मूठभर कोथिंबीर. पोर मन लावून करायची, हे मत्सरी असूनही मी कबूल करतो.

पाटलांनी पहिला घास घेतला आणि ताट सारलं. "मी काय अळणी मंगळवार धरलाय का? माझ्याच घरात मी मिठाला महाग झालो?"

शिवकन्या दाराआड पदर ओढून उभी होती. मामंजींशी समोरासमोर बोलायची तिची रीत नव्हती. ती हळूच सासूला म्हणाली, "आत्याबाई, हकिमानं सांगितलंय म्हनावं." केशरबाईंनी ते पुढे सांगितलं खरं, पण ज्या आवाजात सांगितलं त्यात ना हकीम होता ना पथ्य.

दोन दिवसांनी बायका विहिरीवर गेल्या असताना पाटील स्वयंपाकघरात आले. पाटावर चढले, फळीवर हात घातला आणि मूठभर मीठ काढून उपरण्याच्या टोकात बांधलं. त्यांना धाप लागली होती. आणि मी? मला तर आनंदानं उकळ्या फुटल्या. त्यांना चिंच नको होती, लिंबू नको होतं. पाटावर चढून ते माझ्याकडे आले होते! त्या मुठीचं पुढे काय होणार, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

खाली सांडलेल्या खड्यांवरून चोरी उघडकीला आली. तेव्हा केशरबाईंनी एक युक्ती काढली. सासऱ्यांच्या काळात खळ्यावर धान्याची रास पडली की तिच्यावर लाकडी ठसा मारत. मधोमध नांगर कोरलेला तो ठसा राशीवर उमटला की वाटणी होईपर्यंत दाणा हलवायची कुणाची छाती नव्हती. हात लागला की ठसा मोडायचा आणि चोर उघडा पडायचा. तो ठसा माळ्यावर पडून होता. पावसाळी हवेनं माझ्यातलं मीठ ओलसर झालेलं होतं. सकाळी घरच्यांपुरतं मीठ काढून घेतलं की शिवकन्या उरलेलं थापून सपाट करायची आणि केशरबाई त्यावर ठसा दाबायच्या.

पाटील पुन्हा एकदा पाटावर चढले. त्यांनी आत पाहिलं. नांगराचा ठसा पाहून त्यांचा हात वरच्या वर थांबला.

"चोर धरायचा ठसा," ते स्वतःशीच म्हणाले. "आमच्याच घरचा, अन्‌ माझ्यासाठी." तसेच ते खाली उतरले. ठसा मारलेल्या राशीला त्यांच्या सात पिढ्यांत कुणी हात लावला नव्हता. तेही लावणार नव्हते. त्या दिवसापासून माझ्यातला एक खडाही त्यांच्याकडे गेला नाही.

आणि तरी सूज उतरेना! आषाढ सरला, श्रावण लागला, पण अंगठा दाबला की खळगा पडायचाच. तात्याबा आपल्या ओट्यावर बैलाच्या झुलीला नवे गोंडे लावत बसतो, अशी खबर घरात आली. पाटील ती ऐकून भिंतीकडे तोंड करून झोपले. शिवकन्या रडकुंडीला आली. बायाबापड्या म्हणू लागल्या, हकिमाच्या पथ्यात काही राम नाही.

फळीवरून मला मात्र दिसत होतं. शिवकन्या ताट वाढून दाराआड गेली की केशरबाई हळूच बरणीचा दादरा सोडायच्या. "आवो, एवढी फोड घ्या. अळणी घास कसा उतरंल घशाखाली?" मग फोडीबरोबर चार पळ्या खार. पाटील त्या खारात भाकरी चुरायचे आणि मान डोलावायचे. सोबत कधी भाजलेला पापड, कधी तळलेली सांडगी मिरची. केशरबाईंचा चेहरा तेव्हा उजळून निघायचा. पथ्य सुनेच्या हाती गेलं होतं, पण नवऱ्याचा घास पुन्हा त्यांच्या हातून उतरत होता. यात त्यांच्या मनात पाप नव्हतं, मित्रांनो. घरात सगळ्यांचा समज एकच होता की मीठ म्हणजे सटातलं मीठ. ते वर ठेवलं, त्यावर ठसा मारला, म्हणजे मीठ बंद झालं. लोणचं ते लोणचं, पापड तो पापड.

पण मला ठाऊक होतं! त्या बरणीच्या पोटात माझंच मीठ होतं, ओंजळी ओंजळींनी गेलेलं. मला तोंड असून बोलता येत नव्हतं. बोलता आलं असतं तर मी गावभर ओरडून सांगितलं असतं. पण खरं सांगू? पाटलांच्या काळजीनं नाही, बरणीची जिरावी म्हणून.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. बरणीतला खार संपून फोडी कोरड्या पडल्या होत्या. केशरबाईंनी मला खाली काढलं. पाणी उकळून गार करून ठेवलं होतं, त्यात मीठ मिसळून बरणीत ओतायचं होतं. त्यांनी माझ्यात हात घातला, सकाळीच मारलेला ठसा आपल्याच बोटांनी मोडला आणि ओंजळ भरून मीठ वर काढलं.

शिवकन्या जात्यावरून उठून आली होती. ती दारात खिळल्यासारखी उभी राहिली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "ठसा तर तुमीच मोडला."

"मंग? खार संपला. लोणचं सुकून जाईल."

"पर हे मीठ कुनाच्या पोटात जानार?"

केशरबाई भडकल्या. "लोणच्याला काहून नावं ठेवतीस गं? तुझ्या अळणी कालवणावर माणूस जगला असता का? माझ्या हातची फोड हाय म्हनून चार घास जात्यात त्यांचे!"

शिवकन्येच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती मागे हटली नाही. "तेच म्हनते मी. ते तुमच्या हातचं खात्यात, माझ्या हातचं न्हाई. मग अळणी कालवण तुमीच करा की. तुमी वाढलं तर तेबी खातील. मला नको पथ्याचा मान. मामंजी वेशीपातूर चालले, तर मला समदं मिळालं."

केशरबाई आपल्या ओंजळीकडे बघत राहिल्या. त्यांच्या हाताच्या घामानं मीठ विरघळू लागलं होतं. इतके दिवस आपण फोडी फोडींनी काय वाढत होतो, हे त्यांना आत्ता कळलं. त्यांनी ओंजळ माझ्यात रिकामी केली. "मीच गं," त्या म्हणाल्या, "मीच घालीत होते. तुझ्यावरच्या रागानं मला दिसलंच न्हाई." तेव्हा मला कळलं की त्या घरात माझ्या जातीचं आणखी कुणीतरी होतं.

बरणी माळ्यावर गेली. तिच्याबरोबर पापडांचा डबा आणि सांडगी मिरचीही गेली. मी मनातल्या मनात नाचलो, लपवून काय उपयोग? पण मला काही माझी जागा परत मिळाली नाही. चिंचेचं बोळकं तिथेच राहिलं आणि त्याच्यापाशी केशरबाई बसल्या. शिवकन्या चिंच कोळून द्यायची, कूट करून द्यायची आणि फोडणी केशरबाई घालायच्या. ताट वाढून त्या पाटलांना म्हणाल्या, "हे मी केलंय. अन्‌ तुमचं झालं की तुमच्या ताटात मीबी हेच जेवनार हाय. मलाबी साठी गाठत आली." पाटलांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं घास घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिंबाची फोड मागून घेतली. आठ दिवसांनी म्हणाले, "कारळाला वास मोठा चांगला हाय गं." कारळाला! मी तो दिवसही कसाबसा काढला.

पोळ्याच्या सकाळी पाटलांनी वहाणा मागवल्या. एक पाय गेला, मग दुसराही गेला. केशरबाईंनी वाकून त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला, आणि पदर डोळ्यांना लावला.

फळीवर बसून मला फक्त हलगी ऐकू येत होती. पुढचं मोहनरावनं धावत येऊन सांगितलं. "आई, आबा गेले! वेशीतून बैल घिऊन गेले!" पाटील दोनदा थांबले होते. दोन्ही वेळा शेजारून चालणाऱ्या तात्याबानं कासऱ्याकडे हात नेला होता, आणि दोन्ही वेळा पाटलांनी मान हलवून पुढचं पाऊल टाकलं होतं. बैलाचा मान तात्याबाकडे गेला नाही.

दुपारी पंगत बसली. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. तात्याबा पाटलांच्या शेजारीच बसला होता. त्याच्या पानावर मीठ आधीच वाढलेलं होतं. पाटलांच्या पानावर मात्र ती जागा रिकामी. भरल्या सणाला ते केशरबाईंना बघवेना. त्यांनी मला फळीवरून काढून पाटलांच्या पानाशी आणून ठेवलं. कितीतरी दिवसांनी मी तिथे होतो! "हकिमानं कमी म्हनलंय, बंद न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "सण हाय. चार खडे घ्या."

पाटलांनी आत बघितलं. सकाळचा ठसा तसाच होता, नांगराच्या फाळासकट.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "ठसा मोडू नगा."

तेवढ्यात आपल्या पानावरचं मीठ संपवून तात्याबानं माझ्याकडे हात लांबवला. पाटलांनी त्याचं मनगट धरलं. सगळी पंगत थबकली. सगळ्यांना वाटलं, आता सकाळचा राग निघणार.

"तात्या," पाटील म्हणाले, "तुझीबी पन्नाशी उलटली. पुढल्या सालीबी बैल मीच नेनार हाय. पर ते बघून जळायला तू ऱ्हायला पायजेस का न्हाई?"

तात्याबा हसला. त्यानं हात मागे घेतला आणि लिंबाची फोड पिळली. त्या पंगतीत मला कुणीच हात लावला नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटलं.

त्यानंतर सहा पोळे पाटलांनी बैल नेला. सातव्याला त्यांनी आपल्या हातानं कासरा तात्याबाकडे दिला आणि स्वतः ओट्यावर बसून बघितलं.

मित्रांनो, आज मी एका कोपऱ्यात आहे. माझ्यात आता मीठ नाही, तो लाकडी ठसाच कुणीतरी आत टाकून ठेवला आहे. तुमच्या घरीही वय झालेलं कुणीतरी असेल. त्यांच्या कालवणातलं मीठ कमी करा, पण तेवढ्यावर थांबू नका. बरणीत बघा, पापडाच्या डब्यात बघा. आणि त्यांच्यापुढे अळणी ताट ठेवून आपण दुसरीकडे चमचमीत खात बसू नका. त्यांच्या शेजारी बसून त्यातलंच खा, म्हणजे त्यांनाही तो घास जाईल. आम्हा सटांनाही टाकून देऊ नका. आम्ही कामाचे आहोत, फक्त आमच्यात हात घालताना चिमूट लहान ठेवा. आणि चिंचेच्या बोळक्याचं कौतुक करायचं असेल, तर कृपा करून माझ्यासमोर करू नका.